पत्र्याच्या गाईचे गुराखी

माझा नवरा काय करतो असं कुणी विचारलं, तर मी सांगते, लोकांच्या बुडाखालचं बघतो. तिहोमीरला हे आवडत नाही. पण त्यात खोटं काय? किकिंदातल्या निम्म्या सोफ्यांना, खुर्च्यांना, अगदी दाताच्या डॉक्टरच्या त्या भीतीदायक खुर्चीलाही त्यानेच कापड चढवलंय. तोंडात खिळे, हातात हातोडी, केसांत कायम कापसाचे पुंजके. माणूस शांत. सर्बियातल्या आमच्या बानात प्रांतात तशीही माणसं सावकाश बोलतात, पण तिहोमीरचं एक वाक्य संपेपर्यंत माझा कांदा चिरून होतो.

आणि हाच शांत माणूस वर्षातून तीन-चारदा गळ्यात गाईची घंटा अडकवून घराबाहेर पडायचा आणि दोन दिवसांनी घसा बसवून परत यायचा. कारण ‘लिमेना क्रावा’. म्हणजे पत्र्याची गाय. रॉक बँडला असलं नाव ठेवणाऱ्यांना काय म्हणावं! पण नाव चाललं. आम्ही तरुण होतो तेव्हापासून त्यांची गाणी गाजली, आणि चाहते स्वतःला गुराखी म्हणवून घ्यायला लागले. गाणं आवडलं की टाळ्या वाजवायच्या नाहीत, घंटा वाजवायची. हजारो घंटा एकदम. मी एकदाच गेले होते. माझी मुलगी बिल्याना तेव्हा पोटात होती, ती आतून अशा लाथा झाडायला लागली की मी कानाला खडा लावला. परत म्हणून गेले नाही.

किकिंदातल्या गुराख्यांचा म्होरक्या तिहोमीर, आणि त्याचा उजवा हात रादिवोय. रादिवोय झ्रेन्यानिनची बस चालवतो. अंगाने कपाटाएवढा, आवाजही तसाच. आमच्या लग्नात तो कूम होता, म्हणजे मुख्य साक्षीदार, बिल्यानाचा धर्मपिताही तोच. कूम म्हणजे आमच्याकडे सख्ख्या भावाच्या वर. भावाशी भांडण झालं तर लोक म्हणतात, होतं असं घरोघरी. कूमशी तुटलं तर लोक तुमच्या घराकडे वेगळ्या नजरेने बघतात. मला तो ‘कूमा’ म्हणतो आणि माझ्या फ्रिजचं दार न विचारता उघडतो. ‘कूमा, लोणच्याच्या मिरच्या संपल्या की काय?’ ‘संपल्या नाहीत मेल्या, तू संपवल्यास.’ असं आमचं चालायचं.

त्याची बायको त्याला सोडून नोव्ही सादला निघून गेली, तो हिवाळा त्याने आमच्या वर्कशॉपमध्ये काढला. स्प्रिंगा बाहेर आलेल्या कुणाच्या तरी सोफ्यावर झोपायचा. उठला की गाईची तबकडी लावायचा, आवाज पार वर. भिंतीवरची भांडी थरथरायची. मी एक शब्द बोलले नाही. उलट तिहोमीरला म्हटलं, गाऊ दे त्याला, ओरडतोय तोवर तरी तो जिवंत आहे. वसंत ऋतू आला तसा तो कामावर जायला लागला. त्या गाण्यांनी त्याला उठवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला ती गाणी कधी कळली नाहीत, पण त्यांना नावं ठेवायची माझी छाती होत नाही.

गुराख्यांचा एक नियम होता. गाईची नवी तबकडी आली की कुणीही ती घरी एकट्याने ऐकायची नाही. सगळ्यांनी आमच्या वर्कशॉपमध्ये जमायचं, गिऱ्हाइकांच्या अर्धवट खुर्च्यांवर बसायचं, आणि एकत्र ऐकायची. पहिली बाजू संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. गाणं आवडलं तर घंटा. नाही आवडलं तर गप्प. मग बाजू उलटायची, मग राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, आणि मग पहाटेपर्यंत वाद. पोस्टात काम करणारी देसांका तर एकदा स्वतःच्या भावाच्या बारशाला गेली नाही, कारण तबकडी त्याच दिवशी आली होती. भावाचं म्हणजे भावाच्या मुलाचं. भावजय अजून तिच्याशी नीट बोलत नाही.

तर गेल्या उन्हाळ्यात बातमी आली की गाईचा गायक साव्हा ग्रुबाच याने स्वतःचा एकट्याचा अल्बम काढलाय. बँड मोडला नव्हता, पण चालूही नव्हता. ढोलवाल्याचा गुडघा बदलला होता, गिटारवाला जर्मनीत मुलीकडे राहात होता. अल्बमचं नाव ‘पापुचे’. म्हणजे सपाता. घरात घालतो त्या.

“सपाता?” रादिवोय आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला. “ज्या माणसाने स्टेजवर वेल्डिंगचा चष्मा घालून गाणी म्हटली, त्याने सपाता?”

“नाव काहीही असेल रे,” तिहोमीर म्हणाला. “आधी ऐकू तर.”

“पुढचा अल्बम काय? ‘गरम पाण्याची पिशवी’?”

मी हसले. तिहोमीर नाही हसला.

सप्टेंबरात एका शनिवारी दुपारी सगळे जमले. दहा-बारा माणसं, बहुतेकांची पोटं सुटलेली, घंटा मात्र लख्ख घासलेल्या. मी स्वयंपाकघरात मिरच्या भाजत होते. लाल मिरच्यांचा मोसम, सारं गाव त्याच वासात बुडालेलं. वर्कशॉपचं दार उघडं होतं. मी वाट बघत होते, आता धडाम्‌ सुरू होईल म्हणून. तर काहीच नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग एक गिटार ऐकू आली, एकटीच, आणि त्या ग्रुबाचचा आवाज. खरखरीत तोच, पण हळू. आणि बाई गं, शब्द कळत होते! इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

गाणं त्याच्या वडिलांबद्दल होतं. म्हातारा माणूस, झोप येत नाही, घरात इकडून तिकडे फिरतो, पण कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून पाय घासत, अगदी हळू. आणि आता म्हातारा नाही, तर मुलगा अंथरुणात पडून तो आवाज शोधतोय. एवढंच गाणं. मी हातातला चिमटा तसाच धरून दारात येऊन उभी राहिले. मिरच्या करपल्या.

पहिलं गाणं संपलं. एकही घंटा वाजली नाही. दुसरं संपलं. देसांकाने घंटा उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि परत मांडीवर ठेवली. तिसऱ्याला अकॉर्डियन आलं तेव्हा रादिवोयने आपली घंटा काढून शिलाईच्या मशीनवर ठेवली. पाठीमागे कुणीतरी जांभई दिली आणि ती खोकल्यात लपवली. मी तिहोमीरकडे बघत होते. तोही घंटा वाजवत नव्हता, कारण त्याचे दोन्ही हात तोंडावर होते. माझा सासरा शेवटी तीन महिने आमच्याकडेच होता, तोही रात्री असाच फिरायचा. त्याला पुरलं तेव्हा तिहोमीरच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता खांदे हलत होते.

बाजू संपली. नियमाप्रमाणे आता बोलायला मोकळीक.

“बरं,” देसांका म्हणाली, “म्हणजे… वेगळं आहे.”

“माझ्या आईला आवडेल,” मागून एकजण म्हणाला. “आणि यापेक्षा वाईट मी काही बोलू शकत नाही.”

“नाही रे, ते दुसरं चांगलं होतं, पावसातल्या बसथांब्याचं.”

“चांगलं? त्यात ढोल कुठे होता?”

“ढोलवाल्याचा गुडघा गेलाय.”

“मग गुडघा बरा होईपर्यंत थांबायचं!”

हशा पिकला. तिथेच सगळं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण आमच्या माणसाने तोंडावरचे हात काढले, डोळे पुसले आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. तीही नेहमीसारखी सावकाश नाही, भरभर.

“तुम्हाला काही कळलं का, त्याने काय केलंय?” तो म्हणाला. “हे खरं गाणं. इतकी वर्षं आपण नुसता आरडाओरडा ऐकला. नुसता आरडाओरडा, आणि आपण घंटा बडवत बसलो.”

रादिवोय उठला. त्याने मशीनवरची घंटा घेतली, खिशात घातली. कपाटाएवढा माणूस, पण त्या क्षणी मला तो लहान दिसला.

“आरडाओरडा,” तो म्हणाला. “बरं.”

आणि गेला. दुसरी बाजू त्याने ऐकलीच नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये असं आधी कधी झालं नव्हतं.

मी रात्रीची वाट पाहिली नाही, तिथेच तिहोमीरला झाडलं. “अरे, त्या आरड्याओरड्यानेच तो माणूस उभा राहिला होता ना आपल्या घरात?” तो खाली बसला. म्हणाला, “मी त्याच्याबद्दल नव्हतो बोलत.” मी म्हटलं, “पण त्याने ते स्वतःबद्दलच ऐकलं.”

गावात मग सपातांची साथच पसरली. गुराख्यांचं इंटरनेटवर एक पान आहे, तिथे देसांका मला रोज वाचून दाखवायची. एकाने लिहिलं, ग्रुबाच आता रात्री नऊला झोपणाऱ्यांसाठी गातो. खाली दुसऱ्याने लिहिलं, मी नऊलाच झोपतो, मला कुणीतरी गायला हवंच होतं. एका बाईने लिहिलं, नवऱ्याला सोडायचा विचार करत होते, चौथं गाणं ऐकून थांबले. तर तिला उत्तर आलं, मी तेच गाणं ऐकून निघालो. एकाने दंडावर पत्र्याची गाय गोंदवून घेतली होती, त्याने विचारलं की तिच्या पायांत सपाता गोंदवायला किती पडतील. खाटिकाने मला मांस बांधून देताना विचारलं, “काय गं स्मिल्याना, तुमच्या घरी कोणता पक्ष?” मी म्हटलं, “आमच्या घरी डुकराच्या मांसाचा पक्ष, चरबी कमी घाल.”

हसण्यावारी नेलं, पण घरात हसू नव्हतं. रादिवोयची बस दिवसातून दोनदा आमच्या कोपऱ्यावरून जाते. आधी तो हमखास दोनदा भोंगा वाजवायचा, इतका की समोरची म्हातारी म्युनिसिपालिटीत तक्रार करून आली होती. आता बस यायची आणि मुकाट्याने जायची. ती वेळ झाली की तिहोमीर हातोडी खाली ठेवायचा. बस गेली की परत उचलायचा.

“जा ना त्याच्याकडे,” मी म्हणायचे.

“जाऊन काय सांगू? अल्बम आवडला नाही असं सांगू? तो मला आवडलाय.”

“ते कोण मागतंय? बाकीचं सांग.”

“सांगेन. मित्रोव्हदानला येईलच तो.”

मित्रोव्हदान म्हणजे आमची स्लावा, आमच्या घराच्या संताचा दिवस, नोव्हेंबराच्या सुरुवातीला. ज्या घराचा जो संत, त्याच्या दिवशी त्या घराचं दार उघडं. आणि स्लावाला कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो. एकदा आला तो दरवर्षी येतो. परक्या माणसाला तर नाहीच बोलवत, पण आपल्या माणसाला बोलावणं त्याहून वाईट, कारण बोलावणं म्हणजे तू आपला राहिला नाहीस असं सांगणं. हे लहान मुलालाही माहीत असतं. आणि जो यायचा तो आला नाही, तर त्याने काय सांगितलं तेही सगळ्यांना कळतं.

रादिवोय दरवर्षी पहिला यायचा. आला की एक जुनी म्हण मोठ्याने सांगायचा, ‘मित्रोव्हदान, हायदुकांची ताटातूट,’ म्हणजे पूर्वीचे डोंगरातले बंडखोर या दिवशी एकमेकांचा निरोप घेऊन हिवाळ्यासाठी पांगायचे. आणि मग म्हणायचा, “पण हा हायदुक जेवल्याशिवाय पांगणार नाही.” नंतर तो आणि तिहोमीर मिळून सणाची पोळी मोडायचे. कोलाच म्हणतात तिला, गोल फुगीर पाव, वर कणकेची फुलं. घरधनी एका बाजूने धरतो, पाहुणा दुसऱ्या. आमच्याकडे तो पाहुणा म्हणजे कूम. दुसरा कुणी कधी झालाच नाही.

सण आठवड्यावर आला तशी तिहोमीरची झोप उडाली. मी कोबी भिजत घालत होते, अक्रोड कुटत होते, आणि हा मधेच येऊन विचारायचा, “येईल ना?” मी सांगायचे, येईल. परत तासाने, “येईल ना गं?” शेवटी मीही वैतागले, “न यायला काय झालं त्याला!” आवाज थोडा चढाच लागला. खात्री तर मलाही नव्हती. कारण मागच्या रविवारी बाजारात रादिवोयने मला पाहून पलीकडची रांग धरली होती.

मग बुधवारी तिहोमीर दुपारी बाहेर गेला आणि आला तो पांढराफटक.

“काय झालं?”

“मी त्याला बोलावलं,” तो म्हणाला.

“कुणाला? कशाला?”

“रादिवोयला. स्लावाला.”

माझ्या हातातलं लाटणं ओट्यावर आदळलं. “काय केलंस तू! कूमला आमंत्रण? अरे देवा, तिहोमीर, तुझ्या डोक्यातही कापूस भरलाय का!”

पुढचं मला देसांकाने सांगितलं, ती त्याच बसमध्ये होती. बस सुटायला दोन मिनिटं होती. तिहोमीर पुढच्या दाराने चढला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, “कूम, शुक्रवारी ये, स्लावा आहे.” पहिल्या बाकावरच्या एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, “पोरा, स्लावाला बोलावतात का? काही विकतोयस का तू?” रादिवोय आधी लाल झाला, मग पांढरा. म्हणाला, “मला आमंत्रण? मला?” तिहोमीर म्हणाला, “मला वाटलं, तू येणार नाहीस.” रादिवोय म्हणाला, “आमंत्रणाबद्दल आभारी आहे. आता उतरा, गाडी सोडायची आहे.” उतरा म्हणाला. उतर नाही. देसांका म्हणाली, “स्मिल्याना, झ्रेन्यानिनपर्यंत कुणी सीटवर हललं नाही.”

मी रागावू तरी किती? त्याचा चेहराच इतका पडला होता. त्याने घाबरून केलं होतं, एवढंच. पण जीव लावलेल्या माणसाला घाबरून बोलावणं म्हणजे त्याच्यावर भरवसा नाही हे तोंडावर सांगणं. मी त्या दिवशी सारमासाठी कोबीच्या पानांत सारण भरून ती वळताना रडले, आणि कुणी विचारलं असतं तर कांद्यावर ढकललं असतं.

शुक्रवार उजाडला. मेणबत्ती लावली. पाद्रीबाबा सकाळीच येऊन पोळीला आशीर्वाद देऊन गेले, त्यांना अजून सहा घरं होती. बिल्याना सुबोतित्साहून आली. मग एकेक माणूस यायला लागला. दारात शिजवलेल्या गव्हाचं ताट, अक्रोड आणि साखर घातलेलं, प्रत्येकाने चमचाभर घ्यायचं, मगच आत. तिहोमीर उभा. घरधन्याने स्लावाला बसायचं नसतं, सगळ्यांना वाढायचं असतं. तो उभा होता आणि खिडकीतून बघत होता.

बारा वाजून गेले. पोळी मोडल्याशिवाय जेवण सुरू होत नाही. सूप उकळलं, निवलं, परत उकळलं. टेबलावर गुराखी बसलेले, रिकाम्या ताटल्यांसमोर, आणि दुसरं काय, सपातांवर वाद.

“मी तिसऱ्यांदा ऐकला,” देसांका म्हणाली. “आता आवडायला लागलाय.”

“तिसऱ्यांदा ऐकलं की शेजाऱ्याचं ड्रिलसुद्धा आवडायला लागतं.”

“माणूस म्हातारा झाला, तर म्हाताऱ्यासारखं गाणार नाही का?”

“म्हातारा मीही झालो. मी ओरडायचं सोडलं का? माझ्या बायकोला विचार!”

“तिहोमीर,” त्याचा चुलतभाऊ म्हणाला, “आण ती पोळी, मी धरतो. भूक लागली रे.”

“थोडं थांबू,” तिहोमीर म्हणाला.

आणि तेव्हा घंटी वाजली.

आमच्या घराची घंटी स्लावाला कुणी वाजवत नाही. दार उघडंच असतं. मी गेले, तर पायरीवर रादिवोय. लग्नातला सूट घातलेला, पोटावर बटण लागत नव्हतं. गळ्यात टाय. हातात कागदात गुंडाळलेली बाटली, अर्धा किलो कॉफी, चॉकलेटचा डबा. परक्या घरी नेतात तसं, सगळं.

“नमस्कार, बाईसाहेब,” तो म्हणाला. “मला आमंत्रण होतं. आत येऊ का?”

थोबाडीत बसली असती तर इतकं लागलं नसतं. मी बाजूला झाले. त्याने गहू चमचाभर घेतला, तोही कसा, जिभेच्या टोकाने. आत येऊन सगळ्यांना मान लववली. आपल्या नेहमीच्या जागेवर, तिहोमीरच्या उजव्या हाताला, बसला नाही. टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे आम्ही विमावाल्याला बसवतो, तिथे पाठ ताठ करून बसला. बिल्यानाने “कूम,” म्हणून उठून त्याला मिठी मारली, तेव्हा त्याचे ओठ जरा हलले, पण त्याने तिलाही फक्त पाठीवर थोपटलं.

“आपल्या घराला सुख-समृद्धी लाभो,” तो तिहोमीरला म्हणाला. “आमंत्रणाबद्दल आभार.”

तिहोमीर पोळी घेऊन आला. वाटेत पोळीवरचं कणकेचं एक फूल गळून पडलं. तो टेबलाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेला.

“रादिवोय, धर.”

“हे घरच्या माणसाचं काम,” रादिवोय म्हणाला. “मी बोलावलेला पाहुणा. आपण चुलतभावाला सांगा.”

चुलतभाऊ बिचारा अर्धा उठला, मी डोळे वटारले, बसला.

तिहोमीर तिथेच पोळी घेऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा माफी मागेल, आणि तो “मी कोण माफ करणार, मी तर पाहुणा” म्हणेल, आणि सूट घातलेली ही माणसं जन्मभर एकमेकांचे आभार मानत राहतील. तिहोमीरने पोळी टेबलावर ठेवली.

“ऊठ,” तो म्हणाला.

“काय?”

“ऊठ आणि जा. मी तुला बोलावलेलं नाही.”

“बोलावलंस की! अख्ख्या बससमोर!”

“ते मी परत घेतो. या सगळ्यांसमोर परत घेतो. तुला आमंत्रण नाही. या घरात तुला कधीही आमंत्रण असणार नाही. ऊठ. ही बाटली घे, आणि ती कॉफी.”

स्लावाच्या दिवशी, भरल्या घरातून पाहुण्याला बाहेर काढणं! आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. देसांकाने तोंडावर हात घेतला. चुलत सासूबाई “तिहोमीर, देवाला तरी भी” म्हणाल्या. रादिवोय उठला. त्याने बाटली घेतली, कॉफी घेतली, चॉकलेटचा डबा काखेत धरला, आणि त्या कपाटाएवढ्या अंगाने खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेला. पुढचं दार लागल्याचा आवाज आला. मग फाटकाचा.

तिहोमीर जागचा हलला नाही. आता तो बोलला, पण कुणाला ते मला कळलं नाही. “तो आरडाओरडा नव्हता,” म्हणाला. “त्या हिवाळ्यात मीही त्याच्याबरोबर ओरडलो होतो.”

मी खिडकीशी गेले नाही. स्वयंपाकघरात सूप परत उतू जायला लागलं होतं आणि मला त्याचीही शुद्ध नव्हती. मी मनात म्हटलं, गेला. माझ्या मुलीला हातात घेऊन देवासमोर उभा राहिलेला माणूस गेला, एका म्हाताऱ्या गायकाच्या सपातांपायी.

मग मागच्या दाराकडून, स्वयंपाकघरातून आवाज आला. फ्रिजचं दार.

“अरे, उतू चाललंय की सूप! घरात कुणी आहे का नाही? कूमा!”

आणि तो आत आला. कोट नव्हता, टाय नव्हती, बाह्या वर सरसावलेल्या, तोंडात माझी लोणच्याची मिरची. सरळ तिहोमीरच्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिला. कुणाकडे बघितलं नाही.

“अजून जेवला नाहीत?” तो म्हणाला. “मला वाटलं, मला उशीर झाला.”

“तुझी वाट बघत होतो,” तिहोमीर म्हणाला.

“तुझा तो अल्बम मी ऐकला. सगळा. दोनदा, रिकाम्या बसमध्ये.”

“मग?”

“भिकार आहे.”

“बरं.”

“पुढच्या वर्षीही भिकारच असेल.”

“असू दे.”

“धर आता नीट, पडेल ती.”

दोघांनी पोळी धरली. फिरवायची असते, तीनदा, आणि मग मोडायची, आणि मोडली की घरधन्याने म्हणायचं, ‘ख्रिस्त आपल्यामध्ये आहे,’ आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं. पोळी मोडली. तिहोमीरचा आवाजच फुटेना. रादिवोयने त्याच्यासाठी थांबायला हवं होतं, तशीच रीत आहे. तो थांबला नाही. घरधन्याने वाक्य म्हणायच्या आधीच त्याने उत्तर दिलं, हजार घंटांच्या वर ऐकू जाणाऱ्या त्याच्या त्या बसवाल्या आवाजात, इतकं मोठ्याने की टेबलावरचे पेले किणकिणले:

“आहे, आणि राहील!”